काटेवाल्यांनी बुद्धिबळाचं यंत्र तोललं

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करता करता माणसाला काटे चिकटले ते चिकटलेच. पत्र आलं तर टपालवाला पाकिटावरचं खरं नाव वाचून गल्लीभर फिरतो आणि शेवटी कपाळाला हात लावून त्यांच्याच दारात येतो. वय एकाहत्तर, अंगानं काडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. शिरल्याबरोबर डाव्या हाताला जमिनीवर धान्याचे दांडगे काटे, तिथे मुलीचं टेबल. उजव्या हाताला, खिडकीपासून लांब, त्यांचं स्वतःचं टेबल, आणि त्यावर काचेची पेटी. पेटीत सोनारांचे आणि औषधवाल्यांचे नाजूक काटे. पापणीचा केस पडला तरी हलणारे.

हे काम त्यांना मामांनी शिकवलं. मामांचा पहिला नियम असा की नाजूक काट्यासमोर श्वास रोखायचा. पोरगा एकदा ऐन मापात शिंकला, तर मामांनी त्याला आठ दिवस नुसता धान्याच्या काट्यांचा गंज काढायला बसवलं. त्या शिक्षेनं असा काही वचक बसला, की पुढे मुलगी बघायला गेले तेव्हाही हे श्वास धरूनच बसले. सासूबाईंनी हळूच विचारलं, “मुलगा बोलतो ना?” मामा म्हणाले, “बोलतो की. पण काम झाल्यावर.” तर अशा माणसाचं लग्न झालं, संसार झाला, एक मुलगी झाली, आणि तीही काट्यांतच रमली. बारा वर्षं ती बापाशेजारी बसते आहे.

आता या सगळ्यात बुद्धिबळ कुठून आलं? तर जावयाकडून. जावई कचेरीत संगणकाचं काम करतात, स्वभावानं गरीब, सासऱ्यांसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी सासऱ्यांच्या घरच्या संगणकावर बुद्धिबळ खेळणारं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. “बाबा, दुपारचा वेळ जाईल,” म्हणाले. वेळ गेला, झोपही गेली. जेवण झालं की काटेवाले त्या यंत्रासमोर बसायचे आणि हरायचे. एकदाही जिंकले नाहीत, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. बैलाची शिंगं धरणाऱ्यानं बैलाला पाडायचं नसतं, किती वेळ धरून ठेवली एवढंच मोजायचं. तसं ते मोजायचे. दुरुस्तीच्या वहीसारखीच एक वही केली होती: तारीख, पांढरी की काळी, आणि कितव्या खेळीला मात.

दरवर्षी जावई येऊन त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालून जात. “बाबा, यंदा चाळीस गुणांनी तगडं झालंय.” काटेवाले मान डोलवायचे. पण पहिल्या वर्षीची आवृत्ती त्यांनी पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवायला लावली होती. जुनं वजन कुणी फेकतं का?

सगळं सुरळीत चाललं असतं, पण एके दिवशी औषधवाले आपला काटा घेऊन दुकानात आले. तीस वर्षांची दोस्ती, त्यामुळे भांडायला आलेल्या माणसाचा चेहरा त्यांना करता येईना. इकडचं तिकडचं बोलले, हवेबद्दल बोलले, आणि मग पिशवीतून काटा काढून काटेवाल्यांसमोर ठेवला.

“पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच नीट करून सील मारून दिलात. पण थोडं जास्त दाखवतोय बघा. की मलाच तसं वाटतंय?”

मुलीनं काटा घेतला, पेटीतली वजनं चिमट्यानं ठेवली. जास्त दाखवत होता. औषधवाले म्हणाले, “रस्त्यात धक्का लागला असेल.” मुलगी म्हणाली, “असेल.” दोघंही चांगली माणसं, पण खोटं बोलायची सवय नसली की ते लगेच ओळखू येतं.

त्या संध्याकाळी ती आईवडिलांच्या घरी आली. “बाबा, एक तारखेपासून नाजूक काटे मी बघते.”

“का?”

तिनं यंत्राशेजारची वही उचलली. “पहिल्या वर्षी सरासरी चोपन्न खेळ्या टिकत होतात. मग अठ्ठेचाळीस. मग चाळीस, एकतीस. यंदा तेवीस.”

“अगं, ते यंत्र दरवर्षी वाढतंय. माझं काय? जावईबापूंना विचार.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला.

“तुला बुद्धिबळातलं काय कळतं?”

“मला नाचातलंही कळत नाही. पण अंगण ओळखते.”

दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांनी यात काडी टाकली. ते म्हणाले, यंत्रबिंत्र काही वाढत नाही. “आमच्या धंद्यात रोज बघतो. तीच गोळी, वेष्टन निळ्याचं हिरवं केलं, वर ‘नवी शक्ती’ छापलं. आणि हे गुण देतं कोण? बनवणारेच ना? आपला तो बाब्या.”

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही मला शिकवलंत, काट्याच्या सांगण्यावर जाऊ नये, तोलून बघावं. मग तोला. यंत्र खरंच वाढलंय असं दाखवलंत तर पेटी तुमच्या टेबलावर राहील. नाहीतर माझ्या टेबलावर येईल.”

“ठरलं,” काटेवाले म्हणाले. पण त्या रात्री अंथरुणावर त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. यंत्र वाढलं नसेल तर त्याचा अर्थ काय होतो, हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

जावयांनी सोपा उपाय सुचवला. “बाबा, दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी लावून देतो. रात्रभरात हजार डाव खेळतील, सकाळी आकडा तयार.”

“आणि आकडा कोण सांगणार?”

“संगणकच सांगेल.”

“म्हणजे काट्यानं स्वतःचं वजन स्वतःच करायचं. जावईबापू, तुम्ही कचेरीतच बरे.”

जावई खुर्चीच्या आणखी कडेला सरकले.

तेव्हा हातानंच करायचं ठरलं. एका संगणकावर जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर नवी, आणि इकडची खेळी माणसानं तिकडे नेऊन मांडायची. औषधवाल्यांनी लगेच अट घातली, दोन्ही संगणक सारखे हवेत. एकाला घोडा आणि दुसऱ्याला गाढव दिलं तर शर्यत कसली? त्यांच्या दुकानात अगदी काटेवाल्यांच्यासारखाच संगणक होता. तो त्यांनी चादरीत गुंडाळून स्वतः आणला आणि उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, “घ्या, तुमच्या मानहानीला माझा हातभार.”

नवी आवृत्ती बसली पुढच्या खोलीत, जुनी स्वयंपाकघरात, ओट्यावर, डब्यांच्या शेजारी. जुनीची जबाबदारी पत्नीकडे आली. तिला सोंगट्यांची नावं माहीत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. पण घरं बरोबर वाचायची.

“अहो, तिरका चालणारा सरकला. पाचव्या ओळीत, डावीकडून दुसरा.”

“उंट म्हण उंट.”

“उंट असा तिरका चालतो होय? कुणी पाहिला?”

औषधवाले भिंतीवरचं घड्याळ बघून प्रत्येक खेळीला अर्धा मिनिट मोजायचे. मुलगी वहीत लिहायची. आणि काटेवाले? काटेवाल्यांनी आधी पाणसळ लावून दोन्ही टेबलं समतल केली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. मग खिडक्या लावल्या. मग पंखा बंद केला.

“अहो, पंखा कशाला?” औषधवाले म्हणाले.

“वाऱ्यानं फरक पडतो.”

“संगणकाला?”

काटेवाल्यांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. पन्नास वर्षांत त्यांनी पंख्याखाली कधी काही तोललं नव्हतं. “सवय बरी असते,” म्हणाले, आणि पंखा बंदच राहिला. औषधवाल्यांचा सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्या डावात ओट्यावरचा संगणक तापून आपोआप बंद पडला. पत्नी म्हणाली, “याला घेरी आली.” तेव्हा कुठे पंखा लागला आणि तो डाव पुन्हा पहिल्यापासून खेळवला. तिनं एका हातानं कणीक मळत दुसऱ्या हातानं हत्ती सरकवला, म्हणून त्या संगणकाच्या माउसवर पिठाचा ठसा उमटला. औषधवाले अजून तो ठसा गिऱ्हाइकांना दाखवतात.

डाव झाले दहा. पाच वेळा नव्यानं पांढरी घेतली, पाच वेळा जुन्यानं. काट्याची पारडी अदलून-बदलून बघतात तशी. पूर्ण आठवडा गेला. निकाल: दहाच्या दहा बरोबरीत.

औषधवाल्यांनी कपाळ पुसलं. “जुनीच गोळी,” म्हणाले. पण मित्राकडे बघितलं आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं.

मुलीनंही काही म्हटलं नाही. पेटीचं नावसुद्धा काढलं नाही. त्या न बोलण्याचंच काटेवाल्यांना जास्त लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. यंत्र पाच वर्षांत तसूभरही वाढलं नाही, आणि ते मात्र चोपन्नाचे तेवीस झाले. मग उरलं कोण?

सोमवारी दुकानात किराणावाले आले. या किराणावाल्यांची एक खासियत. त्यांचा काटा चाळीस वर्षांत कधी बिघडला नव्हता, आणि बिघडला तेव्हाही गिऱ्हाइकाच्याच अंगावर बिघडला होता. ते एक जुना काटा आणि एक शेजाऱ्याचा नवा काटा घेऊन आले. दोन्ही जमिनीवर ठेवून म्हणाले, “हे बघा ताई. दोन्ही शून्य दाखवतात. अगदी सारखे. मग नवा घ्या नवा घ्या म्हणून का मागे लागता?”

मुलगी कामातून मान वर न करता म्हणाली, “काका, रिकामा काटा सगळ्यांचाच बरोबर असतो. काहीतरी टाकून बघा.”

किराणावाल्यांनी पाच किलोचं माप टाकलं. जुना काटा चाचरला. त्यांना ते आवडलं नाही, पण ती गोष्ट निराळी.

उजव्या टेबलाशी काटेवाले चिमटा हातात धरून तसेच राहिले. हे वाक्य त्यांचंच होतं. मुलगी नवीन होती तेव्हा त्यांनीच तिला दहा वेळा ऐकवलं होतं. आणि ते स्वतः आठवडाभर काय करत होते? टेबलं समतल केली, संगणक सारखे केले, पारडी अदलली-बदलली, दोन्हीकडे सारखं सैन्य ठेवलं. दोन पट्टीचे खेळणारे, त्यांच्यासमोर अगदी समसमान डाव. कुणी चुकेना, म्हणून कुणी हरेना. आठवडाभर त्यांनी रिकामी पारडी तोलली होती.

त्याच संध्याकाळी दोन्ही संगणक पुन्हा मांडले गेले. पत्नी म्हणाली, “आता काय राहिलं?”

“एका बाजूचं एक प्यादं आधीच काढून टाकायचं. कधी नव्याचं, कधी जुन्याचं. मग कळेल, कुणाला एवढ्या एका प्याद्याच्या जिवावर जिंकता येतं आणि कुणाला एवढ्या उण्यात तग धरता येतो.”

औषधवाले म्हणाले, “हा अन्याय नाही का?”

“दोघांवर सारखा केला की तो अन्याय राहत नाही. परीक्षा होते.”

वीस डाव झाले, पंधरा दिवस लागले. औषधवाल्यांचं औषधाचं दुकान रोज दुपारी दोन तास लवकर बंद होऊ लागलं, आणि गल्लीतली माणसं खोकत वाट बघू लागली. पण निकाल असा लागला, की जावयांच्या आकड्यानंही त्याला मान द्यावा. जुन्याचं प्यादं काढलं होतं त्या दहा डावांपैकी आठ नव्यानं जिंकले, दोन बरोबरीत. नव्याचं प्यादं काढलं होतं त्या दहांत जुन्याला तीनच जिंकता आले. उरलेल्या सातांत नवं एक प्यादं कमी असून दगडासारखं उभं राहिलं.

काटेवाल्यांनी स्वतः उठून सगळ्यांना चहा केला. लग्नानंतर दुसऱ्यांदा. पत्नीनं पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाली, “यात वाढ नाही झालेली.”

औषधवाले खुर्चीत मागे रेलले. “मानलं. यंत्र वाढलंय. गोळी नवी आहे.”

मुलगी म्हणाली, “शब्द दिला तो दिला. पेटी तुमच्या टेबलावर.”

काटेवाल्यांचा चष्मा नाकावरून घसरला, इतके ते हसले. त्यांनी जावयांना बोलावून कागदावर निकाल लिहून घेतला. जावई म्हणाले, “बाबा, जे मोठमोठे लोक ही यंत्रं तपासतात ना, तेसुद्धा आता असेच वाकडे डाव मांडून देतात. समान डावात सगळे बरोबरीतच सुटतात म्हणून.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही म्हणालात, कचेरीतच बरा.”

सगळे गेल्यावर मुलगी मागे राहिली. कप विसळले, पुसले, मग ओट्याशी उभी राहून म्हणाली, “बाबा, एक विचारू? शंभर किलोच्या काट्यावर बैल चढवला तर काय होतं?”

“शेवटच्या खुणेला टेकेल.”

“आणि हत्ती चढवला तर?”

“तिथंच टेकेल.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “तुला काय म्हणायचंय?”

“पाच वर्षांपूर्वीही ते यंत्र तुमच्यापेक्षा लई पुढं होतं. तुमच्या हरण्यावरून ते वाढलं की नाही हे कळायचं नाही. ते तुम्ही दुसऱ्या रीतीनं दाखवलंत, आणि झकास दाखवलंत. पण चोपन्नाचे तेवीस कशानं झाले, ते राहिलंच की.”

काटेवाले पुसलेला कप पुन्हा पुसू लागले.

“जुनी आवृत्ती ओट्यावर आहे. ती वाढलेली नाही. तिच्याशी एक डाव खेळा. मला सांगू नका काय झालं ते.” एवढं बोलून ती चपला घालून निघून गेली.

दोन दिवस काटेवाल्यांनी टाळलं. एक दिवस संगणकाच्या तारा फार गुंतल्यात म्हणून. दुसऱ्या दिवशी औषधवाल्यांना संगणक परत न्यायची घाई असेल म्हणून, आणि औषधवाल्यांना काही घाई नव्हती. तिसऱ्या दुपारी पत्नी आत लवंडली होती. ते ओट्याशी उभ्याउभ्याच खेळले. एकवीस खेळ्या. त्यांना वाटलं, उभं राहून डोकं चालत नाही. स्टूल आणलं, बसले, पंखा बंद केला. एकोणीस. वहीची पाच वर्षांपूर्वीची पानं काढून ओळीत बघितली. याच आवृत्तीशी, अशाच संगणकावर, याच डोक्यानं, चोपन्न, एकावन्न, सत्तावन्न. वजन तेच होतं. काटा हलला होता.

अशा वेळी माणसं सबबी शोधतात. काटेवाल्यांनीही शोधल्या. रीत मोडायची नाही. उन्हाळा, डोळे, शेजारच्यांचा रेडिओ, सगळं एकेक करून पारड्यात टाकून बघितलं. एकही सबब वजनाची निघेना. मामा असते तर म्हणाले असते, श्वास सोड आता, माप घेऊन झालं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात नेहमीपेक्षा लवकर गेले. मुलगी आली तेव्हा काचेची पेटी तिच्या टेबलावर होती, आणि तिच्या टेबलावरचं ऑइलचं डबडं आणि मोठे पान्हे त्यांच्या टेबलावर.

ती म्हणाली, “बाबा, मी शब्द दिला होता. तुम्ही दाखवलंत की.”

“यंत्र वाढलंय. त्यात वाद नाही. वीस डावांचा कागद आहे.” त्यांनी जमिनीवरचा धान्याचा काटा ओढून पुढ्यात घेतला. “याचा पाय बसलाय. मला दे.”

तेवढ्यात औषधवाले आपला तो, डावांच्या नादात दुरुस्तीचा राहिलेला, नाजूक काटा घेऊन आत आले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं थेट उजव्या टेबलाकडे वळले.

“तिकडे द्या,” काटेवाले म्हणाले.

औषधवाल्यांनी पेटीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. “अहो, तुम्ही तर जिंकलात ना?”

“जिंकलो की. यंत्रावर कुणाला शंका असेल तर माझ्याकडे पाठवा, मी सांगतो. काटा मात्र तिकडे.”

औषधवाल्यांनी काटा मुलीच्या टेबलावर ठेवला. तिनं तो उघडला, दांडी सोडवली, ती ज्यांवर डोलते त्या धारदार सुऱ्या पुसल्या, आणि चिमट्यानं पहिलं वजन उचललं. काटेवाले पान्हा हातात घेऊन धान्याच्या काट्याशी उकिडवे बसले होते. तिकडे बघत नव्हते. पण ती वजन ठेवेपर्यंत पान्ह्याचा आवाज आला नाही.

माप घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, सील कुठलं मारू? तुमच्या सीलवर तुमचंच अक्षर आहे.”

“तुझं बनवून घेऊ उद्या. तोवर नुसती तार बांध,” काटेवाले म्हणाले, आणि औषधवाल्यांकडे वळून विचारलं, “बरं, तुम्हाला तो तेरावा डाव आठवतो का, ज्यात नव्यानं घोडा फुकट दिला होता?”

“आठवतो की. मी घामाघूम झालो होतो.”

“तो फुकट नव्हता. बसा, सांगतो.”